सॉल्व्हंटने पिच शुद्ध करणं: नीडल कोक, इलेक्ट्रोड आणि कार्बन फायबरसाठी प्रयोगशाळेतली पद्धत

पिच म्हणजे कोलटार किंवा पेट्रोलियमच्या जड तेलापासून मिळणारा काळा, कार्बनने भरलेला पदार्थ. ते हातात घेतल्यावर आधी ठरवायचं ते हे, की यातलं मला काय ठेवायचं आहे? काय काढायचं, कोणता सॉल्व्हंट वापरायचा, किती वापरायचा, हे सगळं त्याच्यामागून येतं. बरेच विद्यार्थी उलट्या टोकाने सुरुवात करतात. कपाटात टोल्युइन आहे म्हणून टोल्युइन घालतात आणि जे गाळणीवर उरेल त्याला घाण समजून फेकून देतात. कार्बन फायबर बनवायचं असेल, तर नेमका तोच भाग कामाचा असू शकतो.

सॉल्व्हंट पिचवर दोन वेगळी कामं करतो. एक म्हणजे सफाई: पिच विरघळवायचं आणि न विरघळणारे कण गाळून टाकायचे. दुसरं म्हणजे निवड: पिचमधल्या हलक्या रेणूंना विरघळवून बाजूला करायचं आणि जड, सपाट, मोठे रेणू वेगळे मिळवायचे. ही दोन कामं एकाच वेळी होत नाहीत. निवड आधी आणि सफाई नंतर केली तर सगळी घाण जड भागात जाऊन बसते आणि मग ती काढणं जवळपास अशक्य होतं. म्हणून आधी सफाई, मग निवड, हा क्रम सोडायचा नाही.

पिच कुठलं आहे?

पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये कोळसा हजार अंशांच्या वर तापवतात, तेव्हा टनामागे साधारण ३० ते ४० किलो कोलटार मिळतं. ते ऊर्ध्वपातन केलं की जवळपास अर्धं वजन तळाला पिच म्हणून उरतं. आपल्याकडे भिलाई, राउरकेला अशा कारखान्यांच्या कोलटारपासून हेच मिळतं. दुसरा प्रकार पेट्रोलियम पिचचा. रिफायनरीच्या कॅटॅलिटिक क्रॅकरच्या तळाला जे जड सुगंधी (अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे बेन्झीनसारख्या कड्यांच्या रेणूंचं) तेल उरतं, त्याच्यापासून ते बनतं. रस्त्यावर घालतात ते बिट्युमेन या कामाला चालत नाही. त्यात सुगंधी रेणूंचं प्रमाण कमी असतं आणि त्याचा कोकही फार कमी पडतो.

कोलटार पिचमधली मुख्य अडचण म्हणजे क्विनोलिनमध्ये न विरघळणारा भाग. सगळे त्याला क्यूआय म्हणतात. ओव्हनमधल्या मोकळ्या जागेत तापलेल्या वाफा फुटून काजळीसारखे गोल कण तयार होतात. त्यांचा आकार मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. ओव्हन भरताना उडालेली कोळशाची धूळ आणि थोडी राखही त्यात असते. पेट्रोलियम पिचमध्ये हे काजळीचे कण जवळजवळ नसतात, पण क्रॅकरच्या उत्प्रेरकाची सिलिका-अ‍ॅल्युमिनाची पूड असू शकते. म्हणून तिथे क्यूआयबरोबर राखेचा आकडाही बघायचा.

हे कण नडतात कुठे? ऑस्ट्रेलियाच्या ब्रुक्स आणि टेलर यांनी १९६५ मध्ये दाखवलं की पिच ४०० अंशांच्या पुढे तापवलं की त्यात द्रवस्फटिकाचे बारीक गोळे उगवतात. हाच मेसोफेज. गोळे मोठे होतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे थर लांबवर एका दिशेत लागतात. पुढे ग्राफाइट चांगला होणार की नाही ते इथेच ठरतं. क्यूआयचे कण या गोळ्यांच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात. मग दोन गोळे शेजारी आले तरी एकजीव होत नाहीत आणि लांब, सरळ थरांऐवजी बारीक तुकड्यांची नक्षी तयार होते.

सफाई करायची की नाही, हे आधी ठरवा

इलेक्ट्रोडच्या बाइंडरसाठी, म्हणजे त्यातले कोकचे कण जोडायला, पिच हवं असेल तर क्यूआय काढू नका. बाइंडर पिचमध्ये साधारण ६ ते १५ टक्के क्यूआय मुद्दाम ठेवतात, कारण त्यामुळे कोक जास्त पडतो आणि जोड मजबूत होतो. इम्प्रेग्नेशन पिचचं गणित उलटं आहे. नाशिकच्या ग्राफाइट इंडियासारख्या कारखान्यांत बनणारा इलेक्ट्रोड भाजल्यावर सच्छिद्र असतो. त्याच्या छिद्रांत पिच दाबाने भरतात, तेव्हा क्यूआयचे कण पृष्ठभागावरच साचून थर धरतात आणि पिच आत शिरत नाही. तिथे कमी क्यूआय लागतो.

नीडल कोकसाठी, म्हणजे सुईसारख्या लांब, सरळ थरांच्या कोकसाठी, तो ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आणावा लागतो. जपानी कंपन्यांनी कोलटारपासून नीडल कोक उद्योगपातळीवर बनवला, त्यातली पहिली मोठी पायरी ही सफाईच होती. मेसोफेज फायबरला तर आणखी काटेकोर सफाई लागते. दहा मायक्रॉन जाडीच्या तंतूत दोन मायक्रॉनचा कण अडकला की तंतू तिथेच तुटतो. मेसोकार्बन मायक्रोबीड्स, म्हणजे मेसोफेजचे सुटे बारीक गोळे, मात्र अपवाद आहेत. तिथे गोळे एकमेकांत मिसळू नयेत असंच आपल्याला वाटत असतं, त्यामुळे थोडा क्यूआय उपयोगी पडतो आणि सॉल्व्हंटचं काम म्हणजे तयार गोळ्यांभोवतीचं पिच विरघळवून गोळे मोकळे करणं.

कामाला हात लावण्याआधी

कोलटार पिच माणसांत कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीत ते पहिल्या गटात आहे. शिवाय त्याची धूळ त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि चरचरते. म्हणून पिच दळायचं काम सकाळी उरकून दुपारी उन्हात जायचं, असं करू नका. पूर्ण बाह्यांचा कोट, नायट्राइलचे हातमोजे, धुळीचा चांगला मास्क आणि फ्यूम हूड एवढं नसेल तर हे काम सुरूच करू नका. घरी, शेडमध्ये, गच्चीवर करायचा हा प्रयोग नाही.

दुसरा धोका आगीचा. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश आहे, म्हणजे आपल्या खोलीच्या तापमानाला त्याची वाफ कधीही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते आणि टेबलावरून, जमिनीवरून लांबवर सरकते. हेप्टेन तर दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या गरम पृष्ठभागावर ठिणगीशिवायही पेटू शकतं आणि साधी हॉट प्लेट त्याच्यापुढे सहज जाते. तापवायचं ते तेलाच्या किंवा पाण्याच्या बाथवर. मोठ्या धातूच्या भांड्यांत सॉल्व्हंट ओतताना दोन्ही भांडी अर्थ केलेली असू द्या. बेन्झीन जुन्या पेपरांत सर्रास दिसतं, ते आज वापरायचं कारण नाही. टोल्युइनने काम होतं.

आता पिचचे चार आकडे काढून ठेवा. मृदूकरण बिंदू (पिच मऊ पडतं ते तापमान) एएसटीएम या प्रमाणसंस्थेच्या डी३१०४ पद्धतीने, क्यूआय डी२३१८ ने, टोल्युइनमध्ये न विरघळणारा भाग म्हणजे टीआय डी४०७२ ने आणि कोकिंग व्हॅल्यू (तापवल्यावर किती कोक उरतो) डी२४१६ ने. टीआयमधून क्यूआय वजा केला की बीटा रेझिन मिळतं. पिचमधला जड पण कामाचा भाग तो हाच, आणि सफाईत आपल्याकडून चुकून जातो तोही हाच. हे आकडे नसतील तर शेवटी काय मिळवलं आणि काय गमावलं ते कळणारच नाही.

सॉल्व्हंटची निवड

इथे विद्राव्यता मापांक उपयोगी पडतो: दोन पदार्थांचे आकडे जितके जवळ, तितके ते एकमेकांत सहज विरघळतात. हेप्टेन १५.३, टोल्युइन १८.२, टेट्राहायड्रोफ्युरान १९.५ च्या जवळ, क्विनोलिन २२ आणि एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) २३ च्या जवळ, एकक मेगापास्कलचं वर्गमूळ. पिचचे जड रेणू या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बसतात. म्हणून हेप्टेन अगदी हलका भाग नेतं, टोल्युइन मधल्यापर्यंत पोचतं आणि क्विनोलिन जवळपास सगळंच विरघळवतं.

कागदावर मग सफाईसाठी क्विनोलिन सगळ्यांत चांगलं दिसतं. प्रत्यक्षात ते २३७ अंशांना उकळतं, विषारी आहे आणि पिचमधून पूर्ण निघता निघत नाही. एनएमपी २०२ अंशांना उकळतं आणि गर्भाला घातक आहे. दोघांतही नायट्रोजन आहे आणि ग्राफाइट होताना नायट्रोजन बाहेर पडणं हेच कोलटार कोक फुगण्याचं एक कारण. माझं मत असं की विश्लेषणाला क्विनोलिन ठेवा, माल बनवायला नको. कोलटार पिचसाठी त्याच कोलटारमधून निघालेलं वॉश ऑइल किंवा अँथ्रासीन ऑइल घ्या. घरचंच तेल, पिचशी उत्तम जुळतं, शेवटी ऊर्ध्वपातनाने परत मिळतं आणि थोडं राहिलं तरी परकं काही राहत नाही. पेट्रोलियम पिचला टोल्युइन पुरतं. टेट्राहायड्रोफ्युरान घ्यायचंच असेल तर आधी पेरॉक्साइडची चाचणी करा.

पहिला टप्पा: सफाई

पिच फ्रीजमध्ये थंड करून कुटा. कोमट असताना ते खलाला चिकटतं, थंड झालं की काचेसारखं तुटतं. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतपत बारीक पुरे. पिठासारखं करून धूळ वाढवण्यात अर्थ नाही.

समजा ५० ग्रॅम पेट्रोलियम पिच घेतलं. त्यात वजनाने तेवढंच, म्हणजे ५० ग्रॅम टोल्युइन घाला आणि नायट्रोजनखाली रिफ्लक्सवर (उकळती वाफ थंड करून पुन्हा भांड्यात पडू देत) तासभर ढवळा. एवढ्या थोड्या टोल्युइनमध्ये पिच जवळपास सगळं पातळ होतं, आणि याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. या मिश्रणात पिचमधले हलके सुगंधी रेणूच जड रेणूंचे सॉल्व्हंट असतात. टोल्युइन फक्त सगळ्याला पातळ करतं. तेच टोल्युइन दहापट घातलं तर हलके रेणू त्यात विखुरतात, जड रेणूंना कुणी धरून ठेवत नाही आणि ते खाली येतात. एकच सॉल्व्हंट, थोडा असताना सफाई करतो आणि भरपूर असताना निवड. पेट्रोलियम पिचच्या दोन टप्प्यांच्या पद्धतीचा सगळा पाया हाच आहे.

कोलटार पिच असेल तर टोल्युइनऐवजी वॉश ऑइल, पिचच्या दीडपट ते दुप्पट, आणि १०० अंशांच्या आसपास ढवळणं.

आता गाळणं. बहुतेकांचा प्रयोग बिघडतो तो इथे. टोल्युइन ११०.६ अंशांना उकळतं. शंभरीच्या जवळचं द्रावण बुखनर फनेलवर ओतून व्हॅक्यूम लावला तर गाळणीखाली टोल्युइन उकळून उडतं, कागद थंड पडतो आणि त्यावर काळी साय धरते. दोन मिनिटांत गाळणी बंद. व्हॅक्यूमने ओढू नका, वरून नायट्रोजनच्या एक ते दोन बार दाबाने ढकला. फिल्टर होल्डर आणि नळ्या आधीच ९० अंशांपर्यंत तापवून घ्या. पडद्यावर सेलाइटचा (गाळायला मदत करणाऱ्या सच्छिद्र मातीच्या पुडीचा) पातळ थर द्या, नाहीतर मायक्रॉनभर आकाराचे कण छिद्रं लगेच बुजवतात. फायबरसाठी शेवटचा पडदा एक मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक असावा.

गाळणीवरचा साका थोड्या गरम सॉल्व्हंटने धुवा, वाळवा आणि सेलाइट वजा करून वजन करा. समजा पिचचा क्यूआय ३ टक्के होता, तर ५० ग्रॅममागे दीड ग्रॅम साका अपेक्षित आहे. तो चार ग्रॅम भरला तर उरलेले अडीच ग्रॅम म्हणजे तुमचं बीटा रेझिन गेलं, तब्बल ५ टक्के. तापमान कमी पडलं किंवा सॉल्व्हंट कमजोर होता, असा त्याचा अर्थ.

गाळायचं नसेल तर: निवळू देणं

माल किलोंच्या वर गेला की बारीक गाळणी परवडत नाही. नुसतं ठेवून निवळेल का? हिशोब करून बघा. एक मायक्रॉनचा कण, द्रावणापेक्षा घनता ०.७ ने जास्त, द्रावणाची चिकटी २ सेंटिपॉइज. स्टोक्सच्या सूत्राने तो तासाला जेमतेम ०.७ मिलिमीटर खाली जातो. वीतभर उंचीच्या भांड्यालाही आठवड्याच्या वर वेळ लागेल.

यावरचा उपाय उद्योगाने शोधलेला आहे. सुगंधी तेलात विरघळलेल्या पिचमध्ये केरोसीन किंवा हेप्टेनसारखं अ‍ॅलिफॅटिक (सुगंधी नसलेलं) तेल ढवळत ढवळत बेतानं घालायचं. लिंबाच्या थेंबांनी दूध फाटावं तसा पिचचा अगदी जड अंश बाहेर येतो, चिकट असतो आणि क्यूआयच्या कणांना गोळा करत गाठी बनवतो. २० मायक्रॉनची गाठ, घनतेचा फरक फक्त ०.२ धरला तरी, तासाला ७ ते ८ सेंटिमीटर खाली बसते. कारण वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो.

अ‍ॅलिफॅटिकचं प्रमाण प्रत्येक पिचला वेगळं येतं, म्हणून ते चाचणीनेच ठरवा. समान द्रावणाच्या सहा परीक्षानळ्या घ्या, प्रत्येकीत अ‍ॅलिफॅटिक थोडं थोडं वाढवा आणि ८० अंशांच्या बाथमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी वरचा थर निथळून त्यातल्या पिचचा क्यूआय मोजा आणि साक्याचं वजन करा. कमी घातलं तर वरचा थर गढूळ राहतो. जास्त घातलं तर वरचा थर झकास दिसतो, पण साक्यात निम्मं पिच गेलेलं असतं. क्यूआय ०.१ च्या खाली आणणारं सगळ्यांत कमी प्रमाण निवडा, आणि तिथे थांबा. ढवळण्याचा वेगही जपा: जोरात ढवळलं तर धरलेल्या गाठी फुटतात.

दुसरा टप्पा: जड भागाची निवड

नीडल कोक किंवा इम्प्रेग्नेशनसाठी काम इथेच संपतं. सरळ सॉल्व्हंट काढण्याकडे जा. मेसोफेज फायबरसाठी मात्र पुढचा टप्पा आहे. १९७० च्या दशकात युनियन कार्बाइडमध्ये लेनर्ड सिंगर यांनी पिच तासन् तास तापवून मेसोफेज मिळवला आणि त्याचे तंतू काढले. पुढे एक्सॉनसाठी डिफेनडॉर्फ आणि रिग्ज यांनी दाखवलं की लांबलचक तापवण्याची गरज नाही. मेसोफेज बनवणारे रेणू साध्या पिचमध्ये आधीपासून असतात, पण हलके रेणू त्यांना रांगेत लागू देत नाहीत. टोल्युइनने हलका भाग धुऊन काढला की उरलेला भाग २३० ते ४०० अंशांत दहा मिनिटांच्या आत बहुतांशी मेसोफेज होतो.

त्यासाठी पहिल्या टप्प्यातलं गाळलेलं गरम द्रावण आणखी टोल्युइनमध्ये बारीक धारेने ओता. मूळ पिचच्या प्रत्येक ग्रॅममागे एकूण ८ मिली टोल्युइन होईल असं बघा, म्हणजे ५० ग्रॅमला ४०० मिली. ओतताना ढवळणं चालू हवं, नाहीतर काळा लगदा तळाला बसतो आणि त्याच्या पोटात हलकं पिच अडकून राहतं. तासभर ढवळा, थंड करा, गाळा. भुकटी आधी टोल्युइनने आणि मग हेप्टेनने धुवा. हेप्टेनमुळे ती लवकर वाळते आणि गठ्ठे होत नाहीत.

इथे तापमान मोकाट सोडू नका. विदर्भातल्या मे महिन्यातली खोली आणि डिसेंबरातली खोली यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक पडतो, आणि तेवढ्याने मिळणाऱ्या भुकटीचं वजन आणि मृदूकरण बिंदू दोन्ही बदलतात. थर्मोस्टॅटच्या बाथवर ३० अंश धरा आणि वर्षभर तेच पाळा.

भुकटीचा मृदूकरण बिंदू फार वर गेला, तर ती वितळवण्यासाठी इतकं तापवावं लागतं की पिच फुटून वायू सुटतो आणि तंतू ओढता येत नाही. अशा वेळी टोल्युइनमध्ये ५ ते १५ टक्के हेप्टेन मिसळून बघा. सॉल्व्हंट कमजोर झाला की थोडे मध्यम रेणूही खाली येतात, माल जास्त मिळतो आणि तो कमी तापमानाला वितळतो. बदल्यात मेसोफेजचं प्रमाण घटतं. या दोघांतला मध्य तुमच्या पिचसाठी तुम्हालाच शोधावा लागतो. क्लेमसन विद्यापीठात मार्क थीस यांच्या गटाने हीच निवड टोल्युइनच्या क्रांतिक बिंदूजवळ, म्हणजे ३१८ अंश आणि ४१ बारच्या आसपास, दाब बदलून फार बारकाईने केली. पण तिथे उच्चदाबाची खास उपकरणं लागतात.

सॉल्व्हंट काढणं

टोल्युइन रोटरी इव्हॅपोरेटरवर निघतं. शेवटचे दोन-तीन टक्के मात्र हटत नाहीत. साफ केलेलं पिच नायट्रोजनच्या मंद झोतात, व्हॅक्यूमखाली, हळूहळू २०० अंशांपर्यंत न्या. घाई केली तर पिच फेसाळून भांड्याबाहेर येतं. थोडं पाणी राहिलं असेल तर हमखास. वॉश ऑइलला याहून जास्त तापमान लागतं, पण ३०० च्या पुढे जाऊ नका. तिथून पुढे पिच स्वतःच बदलायला लागतं. निवडलेली भुकटी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १०० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. थर्मोग्रॅव्हिमेट्रीत (तापवत तापवत वजन मोजण्याच्या चाचणीत) २०० अंशांच्या आत वजन उतरताना दिसलं तर सॉल्व्हंट आत आहे, आणि कोक करताना त्याचे फुगे येणार.

काम झालं का, हे कसं ओळखायचं

चारही आकडे पुन्हा काढा. क्यूआय गेल्यावर कोकिंग व्हॅल्यू आणि चिकटी थोडी उतरते, ते ठीक आहे. मृदूकरण बिंदू बराच खाली आला असेल तर सॉल्व्हंट उरलेला आहे.

खरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली. मूळ आणि साफ केलेलं पिच, दोन्ही एकाच भट्टीत नायट्रोजनखाली ४२० अंशांना ठेवा, थंड करा, रेझिनमध्ये बसवून पॉलिश करा आणि ध्रुवीकृत प्रकाशात, टिंट प्लेट लावून बघा. मूळ पिचमध्ये लहान लहान गोळे दिसतील आणि त्यांच्या कडेवर काळ्या ठिपक्यांची झालर असेल. साफ पिचमध्ये कडा स्वच्छ, गोळे मोठे, आणि जिथे दोन मिसळले तिथे जांभळे-निळे-पिवळे पट्टे सलग वाहत गेलेले. ठिपक्यांची झालर राहिली असेल तर क्यूआयचा आकडा काहीही म्हणो, सफाई अपुरी आहे. एक ध्यानात ठेवा: मेसोफेज झालेल्या पिचचा क्यूआय मोजलात तर आकडा मोठा येणारच, कारण मेसोफेजचा बराच भाग स्वतःच क्विनोलिनमध्ये विरघळत नाही. तो आकडा घाणीचा नाही.

परत मिळालेलं टोल्युइन पुन्हा वापरा, पण त्यात हेप्टेन किती मिसळलंय ते तपासूनच, नाहीतर पुढच्या खेपेची निवड बदलते. क्यूआयचा साका, पिच लागलेले कागद, हातमोजे, सगळं धोकादायक कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात भरून, नाव-तारीख लिहून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच द्या. बेसिनमध्ये एक थेंबही नको. तयार भुकटी नायट्रोजन भरलेल्या गडद बाटलीत, थंड जागी ठेवा. बारीक पिच हवेतला ऑक्सिजन घेतं आणि पुढे त्याचा मेसोफेज नीट वाहत नाही.